राणीच्या कपाळावरचं कुंकू

‘ह्याचे आज किती होतील?’

माझ्या नोकरीत ‘गुड मॉर्निंग’पेक्षा जास्त वेळा मी हे वाक्य ऐकलं असेल. हिंदीत ऐकलं, अरबीत ऐकलं, मल्याळी माणसाच्या इंग्रजीत ऐकलं. विचारता विचारताच माणसं काचेखालच्या फटीतून काहीतरी आत सरकवायची. कधी पाकिटात बसून चपटी झालेली नोट, कधी रुमालाच्या गाठीत बांधलेली नाणी. एकाने तर ब्रिटनची दहा शिलिंगची जुनी नोट लॅमिनेट करून, वर भोक पाडून, मोटारीच्या किल्लीला लावून आणली होती.

मी बहारीनमध्ये, मनामाच्या एका मनी एक्स्चेंजमध्ये परदेशी नोटांचं टेबल सांभाळत होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. नवऱ्याची हॉस्पिटलमधली नोकरी अजून चालू आहे, म्हणून मुक्काम अजून इथेच, मनामाच्या झिंज भागात. वसईहून नाताळ अंकासाठी फोन आला, ‘कामाबद्दल काहीतरी लिहा.’ मी म्हटलं, नोटा मोजणाऱ्या बाईच्या कामाबद्दल काय लिहायचं? मग आठवलं की एक दिवस मी नोटा मोजल्या नव्हत्या, केमिस्ट्री केली होती. तेवढ्यासाठी हा लेख.

केमिस्ट्रीचं आधी सांगते. आमची वसईला वाडी. केळी, पानवेली, आणि विहिरीच्या कडेला पप्पांनी लावलेली लिंबाची झाडं. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हे मी ताठ मानेने सांगते, कारण ते मला कुणी हातात आणून दिलेलं नव्हतं. पहाटे पानं खुडायची, जुड्या बांधायच्या आणि मग कॉलेजला पळायचं. प्रॅक्टिकलला माझ्या बोटांना पानाचा वास यायचा. रिझल्ट लागला तेव्हा पप्पांनी सर्टिफिकेट दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेलं, जसं मी पुढे जन्मभर नोटा नेल्या, आणि म्हणाले, ‘केळ्याचा घड असता तर बाजारात उभा केला असता. ह्याला कुठल्या बाजारात न्यायचं?’

लग्न झालं, बहारीनला आले, मिळाली ती नोकरी घेतली. पप्पांना विषयच मिळाला. रविवारच्या फोनवर पाऊसपाणी विचारून झालं की शेवटी असायचंच, ‘मोजतेस ना अजून लोकांच्या नोटा? आणि ती केमिस्ट्री?’ मी हसून फोन ठेवायचे. पण लागायचं.

आता धंद्याचं. ब्रिटनचा जुना पैसा आज किती, ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही, तीन आहेत. आणि ती तीन एकमेकांत मिसळली की माणूस काउंटरवर भांडायला उठतो.

पहिलं उत्तर नोटेवर छापलेलं असतं. ब्रिटनची जुनी कागदी नोट दुकानात चालत नसली तरी ज्या बँकेने ती छापली ती आपला शब्द मोडत नाही. कितीही वर्षांनी नेऊन द्या, छापलेला आकडा मिळतो. पण तेवढाच. ती किल्लीला लावलेली दहा शिलिंगची नोट म्हणजे आजचे पन्नास पेन्स. लंडनमध्ये त्यात चहाचा कपसुद्धा येत नाही.

दुसरं उत्तर शौकिनाच्या खिशात असतं. जुनी नोट किंवा नाणं जमवणारा माणूस त्याचे काय देईल? इथे रद्दीतून रत्न निघतं आणि ज्याला रत्न समजून तिजोरीत ठेवलं त्याची रद्दी निघते. नाण्यात चांदी आहे का, हे साल बघून कळतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शिलिंगांत चांदी नावालाही नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात अवघड. त्या काळी त्यात काय यायचं, ते आज घ्यायला किती लागेल? हे उत्तर कुठल्याच काउंटरवर मिळत नाही. पण माणसांना खरं तर हेच हवं असतं.

अरादहून एक म्हातारे बहारीनी गृहस्थ आले होते, आम्ही त्यांना अबू खलील म्हणायचो. त्यांचे वडील इंग्रजांच्या धक्क्यावर कामाला होते. बिस्किटाच्या डब्यात शिलिंग आणि मोठाल्या काळ्या पेन्या घेऊन आले. मी वेगळ्या केल्या, चांदीच्या एका बाजूला, बिनचांदीच्या दुसऱ्या. बिनचांदीचा ढीग मोठा झाला. मी भीत भीत म्हटलं की हे आमच्याकडे घेत नाहीत, आणि ज्या बँकेने नोटा छापल्या तीही नाणी घेत नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी एक पेनी उचलली आणि सांगितलं की ह्या पेन्या वडील खेळायला द्यायचे, बाजारात तेव्हाही त्यांचं काही यायचं नाही. बाजार तेव्हा रुपयांत चालायचा, आपल्या हिंदुस्थानी रुपयांत. अजूनही इथली जुनी माणसं शंभर फिल्सना ‘रुबिया’ म्हणतात. अबू खलील चांदीची तेवढी घेऊन सोनाराकडे गेले आणि पेन्यांचा डबा काखोटीला मारून घरी. मला म्हणाले, नातवंडं आली आहेत, खेळतील.

आणि एक उस्मानचाचा. नईमला राहायचे, मूळ रत्नागिरीकडचे, एका व्यापाऱ्याकडे कारकून. त्यांचे आजोबा बोटीवर खलाशी होते. आजोबांनी ठेवलेलं व्हिक्टोरिया राणीचं चांदीचं मोठं नाणं, क्राउन म्हणतात ते, चाचांनी मला दाखवलं. काळंशार पडलं होतं. पण त्या काळेपणात एक निळसर झाक होती, मोराच्या मानेसारखी, आणि खालची नक्षी जशीच्या तशी. सोन्याच्या बाजारात एक जुना नाणेवाला बसतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या आणा, बघतो. फोनवरच जो आकडा बोलला तो ऐकून चाचा खुर्चीत नीट बसले.

दुसऱ्या दिवशी मी चाचांबरोबर त्याच्याकडे गेले. चाचांनी नाणं काढलं आणि त्याच्या काउंटरवर उजेड पडला. चाचींनी ते चिंच आणि राखेने घासलं होतं, देवघरातल्या समईसारखं लखलखीत. नाणेवाल्याने भिंगातून पाहिलं, भिंग खाली ठेवलं, आणि चांदीच्या वजनाचा भाव सांगितला. शौकीन पैसे देतो ते त्या काळेपणाचे. तो शंभर वर्षांनी येतो आणि चिंचेने पाच मिनिटांत जातो.

चाचा म्हणाले, ‘गो पोरी, पाहुण्यांकडे न्यायचा तर पोराचा तोंडसुदा धुवूनच नेतो ना आपण?’

नाणं त्यांनी विकलं नाही, परत नेलं. त्या दिवसापासून कुणी फोनवर नुसतं ‘जुनं काहीतरी आहे’ एवढं म्हणालं तरी माझं पहिलं वाक्य ठरलेलं: पुसू नका, धुऊ नका, हात लावू नका, आहे तसं आणा.

हे वाक्य मी इंदूमावशींनाही सांगितलं होतं. म्हणून पुढचं सगळं घडलं.

इंदूमावशी सांगलीकडच्या. नवरा लवकर गेला, एक मुलगी पदरात, तेव्हा त्या ह्या देशात आल्या आणि एका इंग्रज कुटुंबात जुळ्या मुलांना सांभाळायला राहिल्या. मुलं मोठी होऊन शिकायला गेली तरी मावशी स्वयंपाकाला तिथेच. दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी माझ्या काउंटरला यायच्या, गावी पैसे पाठवायच्या. रांगेत कितीही माणसं असोत, माझीच खिडकी मोकळी व्हायची वाट बघायच्या. दुसऱ्या खिडकीवरच्या केरळी मुलाने बोलावलं तर त्याला सांगायच्या, ‘तू ऱ्हाऊ दे बाबा, माझं खातं हितं हाय.’ खातं कसलं, तिथे काही खातं नव्हतं. मीच होते.

त्यांच्या मॅडम दर दिवाळीला त्यांच्या हातात वीस पौंडाची एक नोट ठेवायच्या. पगाराशिवाय, दिवाळीची म्हणून. मावशींनी त्यातली एकही कधी मोडली नाही. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची, पूजा करायची आणि पितळी डब्यात ठेवायची. पुढच्या वर्षी डब्यातल्या सगळ्या बाहेर, नवी त्यांच्यात, परत पूजा. अशी पंधरा-सोळा वर्षं.

मग मॅडम गेल्या. साहेब घर मोकळं करून दुसऱ्या देशात निघून गेले, कुठल्या ते मावशींना माहीत नव्हतं. मावशींचा व्हिसा संपत आला. त्या कायमच्या गावी निघाल्या आणि डबा घेऊन नोटा बदलायला बाहेर पडल्या. तोवर त्या कागदी नोटा बाजारातून जाऊन वर्ष उलटलं होतं. आता ब्रिटनच्या नोटा प्लॅस्टिकच्या. तीन एक्स्चेंजवाल्यांनी एकच शब्द ऐकवला: खलास. मावशींनी मला फोन केला, ‘पोरी, ह्या समद्या नोटा मेल्या म्हनत्यात. खरं का?’

मी म्हटलं, मेल्या नाहीत, झोपल्यात. आम्ही घेतो, थोडे पैसे कापून, आणि लंडनला, छापणाऱ्या बँकेकडे, पाठवतो. आणि सवयीने पुढे म्हटलं, हात लावू नका, आहेत तशा आणा.

‘जरा पुसून आनू का? लई रंगल्यात.’

‘अजिबात नाही मावशी.’

दुसऱ्या दिवशी डबा उघडला आणि मला कळलं त्या का विचारत होत्या. नोटा लालभडक होत्या. कडेला लाल, मध्ये लाल, काही एकमेकींना चिकटलेल्या. एका उन्हाळ्यात मावशींच्या खोलीतला एसी गळला होता, पाणी डब्यात गेलं होतं आणि वर्षानुवर्षांचं कुंकू नोटांतून वाहिलं होतं.

मला ते कुंकू दिसलं. वसईला आमच्या शेजारी पाटलांचं घर, संक्रांतीला त्यांच्याकडे मम्मी वाण घ्यायला जायची. मला समजावून सांगायला नको. पण आमच्याकडे नियम होता: डाग असलेली कुठलीही नोट आधी कंप्लायन्समध्ये. कंप्लायन्स म्हणजे हा पैसा आला कुठून, हे विचारायचा पगार घेणारा माणूस. आमच्याकडे ते मिस्टर कॉलिन होते, मँचेस्टरच्या बाजूचे. माणूस सज्जन, बोलायला कमी, चहा काळा पिणारा.

त्यांनी डबा पाहिला आणि हातमोजे मागवले.

मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या देशात नोटांच्या पेट्या नेणाऱ्या गाड्या लुटल्या जातात. म्हणून पेटीत रंगाची कुपी असते. पेटी जबरदस्तीने फोडली की कुपी फुटते आणि सगळ्या नोटांवर रंग उडतो. मग त्या नोटा चोर हळूहळू दूरदेशी खपवतात. ‘आणि तो रंग,’ ते म्हणाले, ‘असाच दिसतो.’ त्यांना वरती कळवणं भाग होतं. कळवलं की चौकशी होणार, आणि चौकशी संपेपर्यंत बाई देश सोडू शकणार नाही. विमान परवाचं होतं.

मी म्हटलं, सर, हे कुंकू आहे. ते म्हणाले, असेलही, पण मी कागदावर काय लिहू? मॅडमला विचारावं तर मॅडम नाहीत. साहेबांचा पत्ता नाही. तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवतो, पण तुझा शब्द लंडनला पाठवता येत नाही.

मावशी मीटिंगच्या खोलीत ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर. मी आत गेले आणि गोड शब्दांत काहीतरी सांगायला लागले की थोडी तपासणी आहे, वेळ लागेल. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

‘स्टोलन म्हनला न्हवं त्यो?’

वीस वर्षं इंग्रजांच्या घरात काढलेल्या बाईपुढे मी काय लपवणार?

मावशींनी पर्स उघडली. आपलं सीपीआर, म्हणजे इथलं ओळखपत्र, काढून टेबलावर कॉलिनसाहेबांपुढे ठेवलं आणि मला म्हणाल्या, ‘सांग त्याला. त्या घरात सोन्याचं घड्याळ न्हानीघरात विसरायच्या मॅडम. कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरंला असायच्या. वीस वर्सांत चमचा हिकडचा तिकडं न्हाई झाला. आता जाताना माझ्या नावापुढं ह्यो शबुद लिवनार असशील तर मी जातच न्हाई. बसते हितंच.’

मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं. कॉलिनसाहेबांनी कार्डाला हात लावला नाही. त्यांचा चेहरा पडला होता. नोटांची रक्कम फार नव्हती, नातीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पुरेल एवढी. पण आता त्या खोलीत रकमेचं कुणालाच काही नव्हतं.

त्यांनी हळू आवाजात विचारलं, हा लाल रंग नेमका लावतात कुठे?

मावशींना वाटलं किती साधा प्रश्न विचारतोय. ‘कपाळाला. राणीच्या.’

‘राणीच्या?’

‘मग? राणी असली तरी बाईच की. सनासुदीला तिचं कपाळ मोकळं ठेवायचं व्हय?’

हे सांगणाऱ्या बाईच्या स्वतःच्या कपाळावर नवरा गेल्यापासून काही नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटतं कॉलिनसाहेबांच्याही आलं, कारण ते एकदम नोटांकडे वळले. वरच्या नोटा रंगून गेल्या होत्या, पण गड्डीच्या मधल्या दोन-तीन अलगद सोडवल्या तर खरोखरच राणीच्या कपाळावर बोटाएवढा ठिपका. साहेबांनी त्या एकेक करून दिव्याखाली धरल्या. मग म्हणाले, हे चांगलं आहे, पण पुरेसं नाही. लंडनचा माणूस म्हणेल, ठिपका नंतर कुणीही लावेल.

आणि त्या क्षणी, खरं सांगते, मला आमच्या कॉलेजची लॅब दिसली. लाकडी बाक, त्यावर डाग, आणि हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या.

प्रत्येक बाईने हे पाहिलेलं असतं. कपड्यावर रश्शाचा पिवळा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो. हळदीचा तो स्वभाव आहे: चुना, सोडा, साबण लागला की लाल, लिंबू, चिंच, व्हिनेगर लागलं की परत पिवळी. आणि घरचं कुंकू म्हणजे काय? हळदच, चुन्याच्या पाण्यात लाल केलेली. चोरांच्या पेटीतला रंग कारखान्यातला. त्यावर लिंबाची गोणी ओतली तरी त्याला काही होत नाही.

मी साहेबांना एवढंच म्हटलं, सर, मला दहा मिनिटं द्या आणि एक नोट खराब करायची परवानगी. परवानगी मावशींकडूनही घेतली. मग पँट्रीत गेले. इथल्या कुठल्याही ऑफिसच्या पँट्रीत सुलेमानी चहासाठी लिंबू असतंच. एक कापलं, कान साफ करायची कापसाची काडी घेतली आणि परत आले. वाटेत दुसऱ्या खिडकीवरच्या केरळी मुलाने विचारलं, चेची, म्हणजे ताई, चहा? मी म्हटलं, नाही रे, प्रॅक्टिकल.

वरचीच एक नोट घेतली. काडी लिंबात बुडवली, लाल डागावर टेकवली.

काही झालं नाही.

मी अजून रस लावला. लाल ते लालच. कॉलिनसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, ही त्यांची सभ्यता. माझ्या कानांत मात्र पप्पांचा आवाज, ‘आणि ती केमिस्ट्री?’

मावशी वाकून बघत होत्या. त्यांनी नोट माझ्या हातातून घेतली, नाकाजवळ नेली, बोट फिरवलं आणि बाजूला सारली.

‘ही नगं. हिच्यावरलं बाजारचं हाय. मॅडम गेल्या त्या साली गावाकडनं आनलेलं संपलं हुतं, तवा हितल्या देवळाच्या गल्लीतनं पुडी आनली. ते वरवरच्या नोटांस्नी लागलंय. खालच्या घे. खालचं समदं माझ्या भावजयीनं घरी केल्यालं.’

बाजारचं कुंकू म्हणजे रासायनिक रंग. ते लिंबाला दाद देणारच नव्हतं. हे माझ्या डिग्रीला आधी सुचायला हवं होतं, सुचलं मावशींना.

मी गड्डीच्या तळातली नोट काढली. सगळ्यात जुनी, पहिल्या दिवाळीची. काडी टेकवली.

लाल रंग थबकला, काडीभोवती पिवळं कडं उमटलं, आणि ते कडं पसरत गेलं. बघता बघता डागाच्या मध्यावर सोनपिवळा ठिपका.

मी दुसरी घेतली. पिवळी. तिसरी. पिवळी. चौथीला कॉलिनसाहेबांनी हातमोजे काढून टाकले आणि म्हणाले, मी करू? मी काडी त्यांच्या हातात दिली. मँचेस्टरच्या बाजूचा तो अबोल माणूस राणीच्या कपाळावर लिंबाचा रस लावत होता आणि पिवळं झालं की शाळेतल्या मुलासारखा माझ्याकडे बघत होता. मग मी त्यांना उलटंही करून दाखवलं. हात धुवायच्या साबणाचं पाणी लावलं, आणि पिवळा ठिपका पुन्हा लाल. ते खुर्चीत मागे टेकून हसले. त्यांना असं हसताना आमच्या ऑफिसात कुणी पाहिलेलं नव्हतं.

‘तू हे कुठे शिकलीस?’

‘युनिव्हर्सिटीत, सर. केमिस्ट्री. फर्स्ट क्लास.’

‘आणि तू माझ्याकडे नोटा मोजतेस?’

हा प्रश्न पप्पांचाच होता. पण पहिल्यांदाच तो ऐकून मला लागलं नाही.

साहेबांनी नोटांचे फोटो काढले, लिंबाआधीचे आणि लिंबानंतरचे. बाजारच्या कुंकवाच्या वरच्या नोटांबद्दलही त्यांनी समजून घेतलं: खालचं कुंकू खरं निघालं म्हणजे त्याच डब्यातलं वरचंही त्याच पूजेचं. सगळं लिहून काढलं. ‘कुंकू’ ह्या शब्दाचं स्पेलिंग मला तीनदा विचारलं. मग टेबलावरचं सीपीआर कार्ड उचललं, उभे राहिले, आणि दोन्ही हातांनी मावशींना परत दिलं.

‘खलास,’ ते म्हणाले. ‘यल्ला, सेंड देम टू लंडन.’

मावशींनी कार्ड पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली आणि पिवळ्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. मला भीती वाटली, ह्या म्हणतील राणीचं कुंकू पुसलंस. त्या म्हणाल्या, ‘कुंकवाची हळद झाली गं. बेस झालं. दोन्ही लागतंच की सवाष्णीला.’

परवाच्या विमानाने मावशी गेल्या. एअरपोर्टवर मी आणि नवरा सोडायला गेलो होतो. इमिग्रेशनच्या माणसाने कार्ड घेतलं, पासपोर्टवर शिक्का मारला, एक शब्द विचारला नाही. आत जाताना त्यांनी मागे वळून मला हात केला आणि दोन बोटांनी लिंबू पिळल्यासारखं करून दाखवलं.

लंडनहून उत्तर यायला महिने लागले. सगळ्या नोटा मान्य झाल्या, वरच्या बाजारच्या कुंकवासकट, नोटेवर छापलेला शब्द शेवटच्या पौंडापर्यंत पाळून. आमच्या एक्स्चेंजने त्यातून कापायची रक्कमही कापली नाही. ते कॉलिनसाहेबांनी परस्पर केलं आणि मला सांगितलंही नाही, मला हिशेबात दिसलं. मी स्वतःच्या हाताने ते पैसे सांगलीला पाठवले. संध्याकाळी मावशींचा फोन आला. मागे नात काहीतरी बोलत होती. मावशी म्हणाल्या, ‘हिला म्हनलं, त्या जसिंतानं जे शिकलंय त्येच शीक. त्या सायन्साला काय म्हनत्यात ते हिला जरा नीट सांग.’ आणि फोन पोरीकडे दिला. मी सांगितलं. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.

ब्रिटनचा जुना पैसा आज किती, हे मला विचारायला अजूनही ओळखीची माणसं घरी येतात. मी पहिलं उत्तर सांगते, दुसरं सांगते, आणि तिसरं विचारलं तर चहा टाकते.

पप्पांना मी हे सगळं त्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. रविवार नव्हता तरी फोन केला. ऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सांगितलं. झिंजच्या आमच्या बिल्डिंगलाही ती कथा पाठ झाली असेल. दरोड्याच्या पेट्या सांगितल्या, मावशींचं कार्ड सांगितलं, साहेबांनी हातमोजे काढले ते सांगितलं, लाल कुंकू पिवळं झालं ते सांगितलं. फर्स्ट क्लास म्हटल्यावर साहेब काय म्हणाले, ते दोनदा सांगितलं.

पप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन तुटली.

मग म्हणाले, ‘लिंबू कुठलं होतं?’

‘इथलंच, पप्पा. पँट्रीतलं. कुठून तरी आलेलं.’

‘हां,’ पप्पा म्हणाले. ‘म्हणून पहिल्या नोटेला लागलं नाही. आपल्या विहिरीवरचं असतं तर पहिल्याच थेंबात झालं असतं.’

बाजारच्या कुंकवाचं मी त्यांना पुन्हा समजावत बसले नाही. दुसऱ्या दिवशी मम्मीने सांगितलं, पप्पा सकाळी मिसेनंतर चर्चबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की केमिस्ट्री आपल्या पोरीची, आणि लिंबू आपल्या वाडीचं.